नाकाने मासे खाणारा माणूस

रत्नागिरीला बदली झाली तेव्हा मी घर बघायला गेले. दारात तुळस, ओटीवर झोपाळा, आणि झोपाळ्यावर बनियन घालून बसलेले घरमालक. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. नवरा काय करतो, घरात माणसं किती, काही काही विचारलं नाही.

"कुठल्या?"

"कोल्हापूर."

"मासे खाता?"

म्हटलं, झालं! आता हे पंचांग काढणार आणि आपण पुढच्या घराची वाट धरणार. तरी कशाला खोटं बोला, म्हणून सांगितलं की खाते, पण आमच्याकडे मटणाचा जोर जास्त.

"मग एकच अट," ते म्हणाले. "भिंतीला हवे तेवढे खिळे ठोका. पण मासा मला दाखवल्याशिवाय शिजवायचा नाही."

हे गृहस्थ शुद्ध शाकाहारी. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी माशाचा तुकडा जिभेवर ठेवला नव्हता. पण रत्नागिरीच्या बाजारात ताजा मासा ओळखावा तर त्यांनीच, असं मासे विकणाऱ्या बायकाही म्हणायच्या. म्हणायच्या म्हणजे, कपाळावर हात मारून म्हणायच्या.

नोकरीत असताना ते वजनमापे तपासायचे. तिशीच्या आत पहिल्यांदा मासळी बाजारात तराजू तपासायला गेले आणि तिथेच अडकले. तराजू तपासता तपासता मासे हुंगायला लागले. निवृत्त झाले तरी रविवारी सकाळी सात वाजता कापडी पिशवी घेऊन हजर. बाजारात त्यांना सगळे 'सायब' म्हणायचे. आम्ही भाडेकरू 'काका' म्हणायचो. आणि ते आम्हाला गावाच्या नावाने हाक मारायचे. मी 'कोल्हापूर'. खाली राहणारे शाळामास्तर 'कणकवली'. मोबाइलच्या दुकानात काम करणारा अविवाहित पोरगा 'चिपळूण'. "अहो कोल्हापूर, नळ बंद करा!" अशी हाक आली की रस्त्यावरची माणसं वर बघायची. मी बिचारी सगळ्या जिल्ह्याच्या वतीने नळ बंद करायची.

त्यांचं वासाचं स्वतःचं एक कोष्टक होतं. ताजा मासा म्हणजे काकडी चिरल्याचा वास. कालचा म्हणजे घामेजलेल्या मुठीतल्या नाण्याचा. परवाचा म्हणजे पावसाळ्यात न वाळलेल्या टॉवेलचा. आणि त्यापुढचा? "तो मासा नव्हे, तो सरकारी पत्रव्यवहार!" मला आधी वाटायचं, म्हातारा फेकतोय. मग एकदा त्यांनी भल्या मोठ्या सुरमईचा कल्ला उघडून माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाले, "डोळे मिटा." मी मिटले. देवाशप्पथ, काकडी!

"तुम्हाला खावंसं नाही वाटत, काका?" मी विचारलं.

"मी खातोच की," ते म्हणाले. "नाकाने खातो. काटा लागत नाही, भांडी घासावी लागत नाहीत, आणि काकूचा धर्म बुडत नाही."

काकूंचा धर्म मात्र कडक होता. बाजारातून आले की काका मागच्या दाराच्या नळावर आंघोळ करायचे. साबण वेगळा, पंचा वेगळा. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायच्या, "झालं का जेवण?" नाकाने झालेलं ते जेवण, बरं का!

त्यांची खरी जुगलबंदी हमीदाबीशी. हमीदाबी मिरकरवाडा बंदरावरची. बाजारात तिच्या सासूची जागा तिला मिळालेली, मासेवाल्यांच्या ओळीतली पहिलीच. काकांनी नोकरीच्या पहिल्या महिन्यात तिचा तराजू जप्त केला होता, कारण एका पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटलेला सापडला. "पोरानं चिकटवला," असं ती त्या वेळी म्हणाली होती आणि तीस वर्षांनंतरही तेच म्हणायची. काकांनीही तीस वर्षांत एकदासुद्धा तिचं पारडं उलटं करून बघितल्याशिवाय खरेदी केली नाही.

"सायब, चिंच बगताव काय?"

"चिंच नाही, तुझी नियत बघतोय."

"नियत खालनं दिसत नाय, सायब. वर बगा."

मग काका मासा उचलायचे, कल्ला उघडायचे, नाक खुपसायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. तेवढा वेळ ओळीतल्या बायका गप्प. हमीदाबीसुद्धा. मग काका म्हणायचे "काकडी", किंवा मासा परत ठेवून म्हणायचे "नाणं". नाणं म्हटलं की मागे उभं असलेलं गिऱ्हाईक सरळ पुढच्या टोपलीकडे जायचं. असला दरारा. आमच्या गल्लीतली सतरा घरं त्यांच्या नाकावर रविवारचं जेवण शिजवायची. मासा हातात घेऊन वजन सांगायचे तेही अचूक. सव्वा म्हटलं की सव्वाच.

आणि मग कोरोनात ते नाक गेलं.

साथीत काका आठवडाभर तापले, सुखरूप उठले, आणि ओटीवर येऊन पुन्हा "अहो कोल्हापूर" करायला लागले. आम्हाला वाटलं, संपलं संकट. मे महिन्यात एका दुपारी मी जिन्यावरून उतरत होते आणि फणसाचा असा घमघमाट आला की मी कठडाच धरला. कोकणात फणस पिकला की तिसऱ्या घरात कळतं. खाली येऊन बघते तर काका ओटीवर भला थोरला फणस मांडीशी घेऊन बोटांनी टकटक वाजवत, कान लावून ऐकत होते.

"पिकला असेल का हो, कोल्हापूर?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते माझ्याकडे. फणसाला तडा गेला होता, माश्या घोंघावत होत्या, आणि हा माणूस त्याला कान लावून बसला होता.

"काका," मी हळूच म्हटलं, "तुम्हाला वास येत नाही?"

त्यांनी पहिल्यांदा स्वयंपाकघराकडे बघितलं. मग म्हणाले, "काकूला सांगू नका. बाजारात तर अजिबात नको." आणि जरा थांबून, "लोक मला विचारतात ते ह्या नाकासाठी, हो. नाहीतर निवृत्त माणसाला रविवारी सात वाजता कोण विचारतंय?"

 पण मी कोल्हापूरची. रडण्यापेक्षा मला काहीतरी उद्योग करायला आवडतो. त्याच ओटीवर आम्ही कट केला. दर रविवारी मी बरोबर जायचं. काकांनी कल्ला उघडायचा, नाक खुपसायचं, डोळे मिटायचे, सगळं नेहमीसारखं. मी पिशवी धरायच्या निमित्ताने वाकून वास घ्यायचा. काकडी असेल तर कानातल्याला हात, नाणं असेल तर खोकला.

पहिल्या रविवारी घरून निघताना मी तीनदा खोकून बघितलं. पण जमलं! दुसऱ्या रविवारीही जमलं. पावसाळ्यात बोटी बंद होत्या तेवढे दिवस सोडले, तर आमचा एकही मासा वाया गेला नाही. सतरा घरांतून एक तक्रार नाही. मला एवढं चढलं म्हणता! ऑफिसात कुणी डबा उघडला तरी मी लांबून सांगायला लागले, "पापलेट, काल सकाळचं." रंकाळ्याच्या पाण्यावर वाढलेलं हे नाक अरबी समुद्रावर चाललंय, असं मला मनापासून वाटत होतं.

काकांना मात्र ते लागत होतं. दुसऱ्याच्या नाकावर आपलं नाव चालवायचं म्हणजे, वजनमापांच्या माणसाला सोसवत नाही ते. एक दिवस चिपळूणने त्यांना मोबाइलवर कुठल्यातरी उष्ण समुद्रातला व्हिडिओ दाखवला. हौशी माणसं बोट घेऊन खोल समुद्रात जातात, काठी आणि रीळ घेऊन ट्यूना धरतात, फोटो काढतात. काकांनी तो अकरा वेळा बघितला.

"हा आपला कुपा," ते म्हणाले. "आपण जायचं."

कुपा! रत्नागिरीत सुरमई सोडून कुपा धरायला जाणं म्हणजे लग्नात श्रीखंड सोडून मठ्ठ्यावर ताव मारण्यासारखं. काळपट लाल मांस, रक्त फार, घरोघरी बायका नाक मुरडतात. कणकवली मास्तरांनी तसं म्हटलंसुद्धा.

"खायला नव्हे हो, लढायला," काका म्हणाले. "कुपा लढतो. आणि हे बघा, बाजारातला मासा म्हणजे दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास. आपण समुद्रातून ओढून काढलेला मासा ताजाच असतो. त्याला हुंगावंच लागत नाही."

शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले. मग मी कशी नाही म्हणणार?

बोट हमीदाबीच्या मुलाची, इम्रानची. तोच तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. चिपळूणने दोन काठ्या मागवल्या. काकांनी आदल्या दिवशी आम्हाला ओटीवर बसवून वर्ग घेतला. "कुपा तापट मासा. पाण्याबाहेर आला की त्याचं रक्त तापतं. लगेच रक्त सोडायचं आणि बर्फात पुरायचा. उन्हात राहिला तर वरून झकास दिसतो आणि खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात. तेव्हा बर्फ! बर्फ म्हणजे जीव!" इम्रानने बर्फाची मोठी पेटी भरून दिली.

आता चूक कुठे झाली ते ऐका. काकूंना काही मासा मिळणार नाही याची शंभर टक्के खात्री होती. मग एवढा बर्फ वाया कशाला जायचा? त्यांनी त्याच पेटीत अमृत कोकमाच्या बाटल्या, ताकाची बरणी, दही-पोह्यांचा डबा आणि कापलेलं कलिंगड असं सगळं रचून दिलं. काकांनी ते बघितलं, पण काकूंपुढे बोलायची त्यांची टाप नव्हती.

नोव्हेंबरातला रविवार होता. उजाडताना निघालो. भगवतीच्या किल्ल्यावरचं दीपगृह हळूहळू बोटाएवढं झालं, मग पुसलं गेलं. समुद्र शांत होता, पण कणकवली मास्तरांचं पोट नव्हतं. तासाभरात ते आडवे झाले. त्यांच्या डोक्यावर बर्फ ठेवला. मग ऊन वाढलं, कुणीतरी कोकमाची बाटली काढली. रत्नागिरीचा माणूस कोकम सरबत बर्फाशिवाय पीत नाही, आणि एक पेला पिऊन थांबतही नाही. इम्रान प्यायला. चिपळूण तीन पेले प्याला. मी चार, खोटं कशाला बोलू? काकांनी स्वतः दोन घेतले. साडेअकराला मी पेटीत हात घातला तर तळाशी कोमट पाणी आणि त्यात एक कलिंगडाची बी.

आणि नेमकं तेव्हाच इम्रान ओरडला, "पाखरं! पाखरं बगा!"

समोर पाण्यावर पाखरांचा नुसता गोंधळ चालला होता. खाली पाणी उकळल्यासारखं. आमचे गळ मागे सोडलेले होतेच. काकांच्या हातातली काठी एकदम वाकली आणि रीळ किंचाळायला लागलं.

"धरा, काका!"

"धरलंय! हे काय, कुठे चाललास? थांब, तपासणी आहे!"

पाऊण तास तो माणूस त्या माशाशी भांडला. चिपळूणने कमरेला धरलं होतं, मी त्यांचा चष्मा धरला होता. मासा खाली जायचा, काका म्हणायचे, "पळून जातोस? नोटीस न घेता?" मासा वर यायचा, काका म्हणायचे, "ये, ये, वजन करून घे." घाम डोळ्यांत जात होता, पण काठी कुणाला देईनात. शेवटी इम्रानने आकडी लावून मासा आत घेतला. निळाकाळा, चकचकीत, पोट चांदीचं. सगळे ओरडलो. मास्तरसुद्धा उठून बसले.

"साडेअकरा किलो," काका धापा टाकत म्हणाले.

इम्रानने लगेच मान चिरून रक्त सोडलं. मग काका गुडघ्यांवर बसले. कल्ला उघडला. नाक आत घातलं आणि डोळे मिटले. आम्ही सगळे गप्प राहिलो, सवयीने. फार वेळ ते तसेच होते. डोळे उघडले तेव्हा मी शेजारीच होते.

"काही नाही हो," ते फक्त मला ऐकू येईल एवढं म्हणाले. "इतका ताजा मी जन्मात हातात घेतला नव्हता. आणि काहीच नाही."

तेव्हा मला कळलं की हा माणूस बोटीवर का आला होता. त्यांना वाटलं होतं, एवढा ताजा असेल तर त्याचा तरी वास येईल. मी त्यांचा चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला. दुसरं काय करणार?

बर्फ नव्हताच. ओलं गोणपाट टाकून, वर पाणी मारत मारत, तीन तास उन्हातून परत आलो. तोवर चिपळूणने रेंज आल्याबरोबर फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता. धक्क्यावर बघते तर निम्मी गल्ली हजर. पोरं नाचतायत. सतरा घरांनी संध्याकाळी ओटीपुढे एकत्र जेवायचं ठरवून टाकलं होतं. कुणी नारळ खवून ठेवलेले, कुणी मसाला वाटून ठेवलेला. ज्या बायका कुप्याला नाक मुरडायच्या त्याच आता म्हणत होत्या, "काकांचा कुपा आहे, खायलाच हवा." काकूसुद्धा लांब, वाऱ्याची दिशा बघून, उभ्या होत्या. हमीदाबी मुलाची बोट म्हणून आलेली, कंबरेवर हात ठेवून.

मासा धक्क्यावर ठेवला. कुणीतरी म्हणालं, "ऊन लागलंय हो त्याला. काका, तुम्ही बघा. तुम्ही काकडी म्हणालात की फोडणीच टाकते."

 काका वाकले. मी घाईघाईने पिशवी धरायला वाकले आणि वास घेतला. मला काही कळेना! काकडी नाही, नाणं नाही, नुसतं ओलं गोणपाट आणि डिझेल. कानाला हात लावू की खोकू? काकांनी माझ्याकडे बघितलं. मग समोरच्या पोरांकडे बघितलं. एक तर चार वर्षांची होती, हातात ताटली घेऊनच आली होती.

काका सरळ उभे राहिले.

"मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "मला वास येत नाही. आजारपणापासून. इतके महिने मी तुम्हाला फसवलं. ह्या कोल्हापूरच्या नाकावर मासे घेत होतो. पण हा मासा मी पोरांना घालू शकत नाही."

 काकूंनी तोंडाला पदर लावला. काका आपल्या पायांकडे बघत उभे होते, आणि पहिल्यांदाच मला ते खरोखर म्हातारे दिसले.

तेवढ्यात हमीदाबी हसली. असली हसली की धक्क्यावरची मांजरं पळाली.

"सायब, ह्ये आमाला म्हायत हाय!"

"काय?"

"आजारातनं उठून पयल्या रविवारी आलाव. मागं ठेवलेला बांगडा उचललाव, चार दिसांचा, मांजरासाठी ठेवलेला. नाक खुपसलाव आनि म्हनालाव काकडी! मी तवाच हातातनं काढून घेतला, म्हटलं सायब, ह्यो विकलाय, ह्यो दुसरा घ्या. तुमी गेल्यावर सगल्या ओलीला सांगितलं, सायबाच्या हातात वायट मासा जाता कामा नये. कुनी दिला तर माझ्याशी गाठ हाय."

"सगळ्या ओळीला?" काका पुटपुटले.

"सगल्या."

"अगं, मग मी?" माझ्या तोंडून गेलं. "माझा खोकला? माझं कानातलं?"

हमीदाबीने माझ्याकडे मायेने बघितलं. "बाय, तुजा सर्दीचा खोकला असंल म्हनून मी गप्प बसलेव."

सगळा धक्का हसला. माझं अरबी समुद्रावरचं नाक तिथेच बुडालं. पण काका हसत नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते. ज्या बाईचं पारडं त्यांनी तीस वर्षं उलटं करून बघितलं, तिने इतके महिने त्यांचं नाव सांभाळलं होतं, आणि एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं.

हमीदाबीने वाकून कल्ला उघडला, पोटाकडे बोट दाबलं, एकदाच हुंगलं. "फेकायचा. वरनं झकास हाय, आतनं गेला. इम्रान, ह्याचं कुर्ल्यांना आमिश कर." मग इम्रानने काकांनी सांगितलेलं वजन तिला सांगितलं, तसा तिने मासा वजनकाट्यावर ठेवायला लावला. साडेअकरा. "नाक गेलं, हात हाय," ती म्हणाली. "त्वांड तर हायच हाय."

त्या संध्याकाळी आमची गल्ली तिच्या टोपलीतले बांगडे जेवली. काकांनी दहीभात खाल्ला आणि पोरांना पाऊण तासाची लढाई तीन वेळा सांगितली. तिसऱ्यांदा ती दीड तासाची झाली होती.

पुढच्या रविवारी मात्र सात वाजले, साडेसात वाजले, काका झोपाळ्यावरून उठेनात. कापडी पिशवी खुंटीवरच. मी दोनदा हाक मारली. "आता कशाला?" म्हणाले. आठच्या सुमारास फाटक वाजलं. बघते तर हमीदाबी डोक्यावर टोपली घेऊन, बाजारातली आपली पहिली जागा सोडून, आमच्या दारात. तिने टोपली उतरवली, तराजू काढला, आणि काही न बोलता पारडं उलटं करून काकांच्या समोर धरलं.

काका उठले. चष्मा लावून पारडं बघितलं. मग हमीदाबी टोपलीतली सुरमई उचलून कल्ला उघडायला लागली तसे ते पायरीवर खाली बसले.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

हमीदाबीने हुंगलं. "काकडी."

"कोवळी की जून?"

तिने पुन्हा, नीट, सावकाश हुंगलं. "कोवली, सायब. आत्ता येलावरनं काढलेली. अजून काटं हायत तिला."

काकांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. ओटीवर मी, खिडकीत काकू, पायरीशी हमीदाबी, कुणी हललं नाही.

मग त्यांनी डोळे उघडले, सुरमई हातात घेऊन जरा झुलवली आणि म्हणाले, "मग भाव कमी कर. कोवळी काकडी वजनाला हलकी असते."